गावात लेकरं किती?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

मागच्या ग्रामसभेत मी एक साधा प्रश्न विचारला. आपल्या गावात सहा वर्षांच्या आतली लेकरं किती? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात आणि त्याच खर्चाची चर्चा चालू होती. कुणी म्हणे अंगणवाडीला टीव्ही घ्या, कुणी म्हणे खुर्च्या, एकाने तर शिलाई मशीन सुचवली. (शिलाई मशीन हा आपल्याकडे बालकल्याणाचा कायमचा विषय आहे. का, ते मला अजून उमगलं नाही.) म्हणून म्हटलं, आधी लेकरं किती ते तर कळू द्या.

उत्तरं तीन आली. सेविकाताईंचा आकडा एक, उपकेंद्राच्या सिस्टरांचा दुसरा, ग्रामसेवकांच्या जन्मनोंदीवरून निघाला तो तिसरा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात वीस-बावीस लेकरांचा फरक. सभेत हशा पिकला, "कोणाची लेकरं पळाली हो?" असं एक जण बोलला, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

मला हसू आलं नाही. माझी आई अठ्ठावीस वर्षं अचलपूर तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. तिचं निम्मं आयुष्य हा आकडा लिहिण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं तो आकडा तिच्यावर उलटणार नाही ना, या काळजीत. सभेत तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. तिघेही आपापल्या रजिस्टरशी प्रामाणिक होते. गोंधळ रजिस्टरांच्या इतिहासात आहे, म्हणून तो सांगतो.

सुरुवात कोतवालापासून करावी लागेल. इंग्रजी अमलात गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल सांगायचा आणि त्याची नोंद व्हायची. महसुली कागदांत तो गाव नमुना १४, आपल्या वऱ्हाडात कोतवाल पंजी. साथ आली का, माणसं किती गेली, हे सरकारला कळावं यासाठी ती होती. लेकरांसाठी काही करावं असा हेतू तिच्यामागे नव्हता. आज ती पंजी कशाला लागते ते तुम्हाला माहीतच आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा जो तो रेकॉर्ड रूमच्या दारात उभा होता. पणजोबा जन्मले तेव्हा कोतवालाने काय लिहिलं ते आपल्याला सापडतं, आणि गेल्या वर्षी गावात जन्मलेलं बाळ सापडत नाही.

ते का सापडत नाही? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. पूर्वी बाळंतपणं घरात व्हायची, त्यामुळे गावचं बाळ गावच्याच वहीत यायचं. आता बाळंतपण अचलपूरच्या दवाखान्यात नाहीतर अमरावतीला डफरीनमध्ये होतं आणि नोंदही तिकडेच होते. ही चांगली गोष्ट आहे, बाया दवाखान्यात जाऊ लागल्या म्हणून कितीतरी जणी वाचल्या. पण त्यामुळे ग्रामसेवकांचं जन्मरजिस्टर रिकामं होत गेलं. त्यावरून गावातली लेकरं मोजणं म्हणजे बसस्टँडवरच्या गर्दीवरून गावची लोकसंख्या काढण्यासारखं आहे.

सिस्टरांचं रजिस्टर गरोदर बाईपासून सुरू होतं. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, हा आपला रिवाज. म्हणजे तिची नोंद सासरी झाली, माहेरीही झाली, आणि बाळ सव्वा महिन्याचं होऊन परत गेलं की कुठल्या वहीत ठेवायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. सेविकेचं रजिस्टर आणखी वेगळं. तिच्या वहीत तिच्या कार्यक्षेत्रातली, आहार घेणारी लेकरं. वीटभट्टीवर गेलेल्या घराचं लेकरू तिथून गळतं आणि कॉन्व्हेंटला जाणारं लेकरूही पुष्कळदा गळतं.

आता अंगणवाडीकडे वळू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांमध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या झटक्यात जी ठिकाणं निवडली त्यात मुंबईची धारावी होती आणि आपल्या जिल्ह्यातली धारणी होती. पुष्कळांना हे माहीत नसतं. ज्या मेळघाटाचं नाव पुढे कुपोषणाशी कायमचं चिकटलं, तिथे अंगणवाडी सर्वांत आधी पोचली होती. योजना पोचली नाही म्हणून लेकरं मेली, हे म्हणायची सोय त्यामुळे आपल्याला उरत नाही.

योजनेचा गाभा होता वजनकाटा आणि वाढीचा तक्ता. या तक्त्याची गोष्ट मला फार आवडते. डेव्हिड मॉर्ले नावाच्या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना तो रुजवला. वय आडवं, वजन उभं आणि दर महिन्याला एक ठिपका. ठिपके जोडले की रेघ वर चढते, सपाट होते किंवा खाली येते. डॉक्टरची खरी हुशारी रेघेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत होती. ते कार्ड दवाखान्यात न ठेवता त्याने आईच्या हातात दिलं. लेकराची माहिती लेकराच्या घरात राहिली. बाई कुठेही गेली, कुठल्याही नर्ससमोर बसली, तरी कार्ड तिच्याजवळ असायचं. आज ज्याला आपण डेटा शेअरिंग म्हणतो ते या माणसाने पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर करून दाखवलं होतं.

आपल्याकडे तक्ता आला, पण आईच्या हातात कमी आणि सेविकेच्या कपाटात जास्त राहिला. आणि तो वरच्या रिपोर्टचा कच्चा माल झाला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये ठरवलेल्या श्रेणी तेव्हा चालायच्या, पहिली ते चौथी. वयाप्रमाणे अपेक्षित वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर लेकरू नसेल तर तिसरी श्रेणी, पन्नासच्या वर नसेल तर चौथी. तिसरी-चौथी म्हणजे लाल पट्टा.

आई रात्री जेवणं झाल्यावर कंदिलात रजिस्टर भरत बसायची. मी आठवीत असेन. एकदा तिला विचारलं, "हे लेकरू मागच्या महिन्यात लाल पट्ट्यात होतं, आता वर कसं आलं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबू, लाल पट्ट्यात लिवलं का साहेब मलेच इचारते, बाई, तुमी काय करत होत्या? काटा मी बनोला का? त्याच्या घरची ज्वारी मी संपोली का?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. सरकारी आकड्यांवर मी पुढे जे काही वाचलं, ते या वाक्याचाच विस्तार वाटलं. आकडा मदत मागण्यासाठी असतो असं वरच्याला वाटतं, आणि लिहिणारीला तो स्वतःविरुद्धचा जबाब वाटतो. अशा ठिकाणी खरा आकडा येत नाही. त्यात तिला दोष देणाऱ्याने एकदा तिच्या मानधनात महिना काढून पाहावा.

१९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला लेकरं दगावली. १९९३ मध्ये मेळघाट. वर्तमानपत्रं भरून गेली, मुख्यमंत्री-मंत्र्यांच्या गाड्या घाटातून फिरल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यातून १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना निघाली. मला ही योजना इतिहासात महत्त्वाची वाटते, कारण लेकरू मरतं ते एका खात्यामुळे मरत नाही, हे सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. आरोग्य, बालविकास, आदिवासी विकास, रेशन, रोजगार हमी या सगळ्यांनी जिल्हाधिकाऱ्यासमोर एका टेबलावर बसायचं. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांत धान्य आधी पोचवायचं, पाडा स्वयंसेवक नेमायचे, भरारी पथकं ठेवायची. कल्पना खरंच चांगली होती. पण टेबल एक झालं तरी वह्या वेगळ्याच राहिल्या. बैठकीत प्रत्येक खातं आपापला आकडा घेऊन यायचं आणि आकडे जुळले नाहीत की अर्धी बैठक त्यातच जायची.

याच काळात आपल्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, वेगळंच चाललं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली होती. त्यांच्या घरोघरी नवजात बाळसेवेच्या प्रयोगाबद्दल सगळे बोलतात. गावातल्याच आरोग्यदूत बाईला शिकवायचं, तिने बाळाचं वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, जंतुदोष ओळखून उपचार करायचे. ३९ गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, त्याचं मूळ तिथे आहे.

पण त्या प्रयोगाआधी त्यांनी दोन वर्षं नुसतं मोजलं होतं, याबद्दल कमी बोललं जातं. बाळ कधी जन्मलं, किती दिवसांनी गेलं, कशाने गेलं. त्यातून कळलं की वर्षाच्या आत जाणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात. आपली अंगणवाडी तर सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला खाऊ घालण्यात गुंतलेली! जिथे मरण जास्त होतं तिथे सेवाच नव्हती. हे मोजल्याशिवाय दिसलं नसतं.

मग 'सर्च'ने महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या संस्थांना जोडलं. आदिवासी भाग, ग्रामीण भाग, शहरातली वस्ती. तेरा संस्थांनी आपापल्या क्षेत्रात दोन वर्षं एकाच पद्धतीने जन्म आणि बालमृत्यू मोजले आणि आकडे एकत्र केले. २००१ मध्ये त्याचा अहवाल आला, 'कोवळी पानगळ'. राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत असा त्यांचा अंदाज होता. सरकारी यंत्रणेच्या नोंदीत यापेक्षा कितीतरी कमी मृत्यू होते. सगळीकडे खळबळ उडाली. आदिवासी भागातच लेकरं मरतात, बाकी महाराष्ट्र ठीक आहे, ही आपली समजूत त्या अहवालाने मोडली. शहरातल्या झोपडपट्टीतही मरत होती, तिथे फक्त वार्ताहर जात नव्हते.

मृत्यू गळायचे कसे? एक वाट अगदी सोपी होती. दोन तास जगून गेलेलं बाळ 'उपजत मृत' लिहिलं की ते बालमृत्यूत येत नाही. दुसरी वाट, जन्मच नोंदवला नाही तर मृत्यू कुठून नोंदवणार? म्हणजे लेकरू आलंही नाही आणि गेलंही नाही. आईला मी एकदा याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, तिने मृत्यू कधी लपवला नाही, पण न विचारलेलं सांगितलंही नाही.

सरकारने २००३ च्या अखेरीस डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, याचं श्रेय सरकारला द्यायला हवं. टीका करणाऱ्यालाच बोलावून मोजायला सांगणं आपल्याकडे रोज घडत नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आलं, तेही औरंगाबादहून चालणारं. त्याआधी वैजापूर तालुक्यातल्या बालमृत्यूंनंतर मराठवाड्यात विभागीय आयुक्त असलेल्या व्ही. रमणी यांनी आरोग्य आणि अंगणवाडी या दोन यंत्रणांना एकत्र वजनं घ्यायला लावली होती, त्याच कामातून हे मिशन उभं राहिलं. आईच्या तोंडून पहिल्यांदा एका वरिष्ठ अधिकाऱ्याबद्दल चांगलं ऐकलं ते याच सुमारास. बैठकीत सांगितलं गेलं होतं, कुपोषित लेकरं जास्त दाखवली म्हणून कुणावर कारवाई होणार नाही. आईला खरं वाटलं नाही. दोन महिने तिने वाट पाहिली, शेजारच्या गावच्या सेविकेला काही होतं का ते पाहिलं, आणि मग आपलं रजिस्टर खरं भरलं. त्या महिन्यात आमच्या गावातलं कुपोषण कागदावर अचानक वाढलं. खरं तर वाढलं काहीच नव्हतं.

आणि मग तालुक्याकडून काहीतरी आलं. गावातच ग्राम बाल विकास केंद्र भरलं, तीव्र कुपोषित लेकरांना दिवसातून अनेकदा खाऊ, औषध, सिस्टरांची तपासणी. लेकरं लिहिली म्हणूनच केंद्राला मंजुरी आणि पैसा मिळाला. ज्या गावांनी शून्य लिहिलं त्यांना शून्य मिळालं.

पुढचे आकडे पटकन सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ४६ टक्के लेकरं वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ वर आलं. २०१९-२१ मध्ये ३५.२. म्हणजे दहा वर्षं उतरलेली रेघ मग सपाट झाली. मॉर्लेच्या तक्त्यावर लेकराची रेघ अशी सपाट झाली असती तर नर्सने आईला थांबवून विचारलं असतं. आणि खुजेपण अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात दिसणारच नव्हतं, तिथे फक्त वजन होतं. उंची मोजायचं साधन सेविकेच्या हाती पोषण अभियानाच्या काळात, २०१८ नंतर सगळीकडे आलं.

हे पाहणीचे आकडे जिल्ह्यापर्यंत येतात. जिल्ह्याच्या खाली येत नाहीत. गावाला स्वतःची रेघ बघायची तर तिच्याच रजिस्टरात बघावी लागते.

आणि इथेच मोबाईल आला. १ मार्च २०२१ ला केंद्राने पोषण ट्रॅकर सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते तुम्हाला आठवत असेल. फोन हँग होत होते, ॲप इंग्रजीत होतं, आणि मेळघाटात रेंजसाठी टेकडी चढावी लागत होती. (हरिसाल हे 'डिजिटल गाव' झालं त्यानंतरची ही गोष्ट आहे.) पुष्कळ सुधारणा झाल्या, हे मान्य. ट्रॅकरविरुद्ध मी नाही. वीटभट्टीवर गेलेल्या लेकराला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत आहार मिळायचा असेल तर अशी काहीतरी साखळी लागणारच. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं खाली उतरतात आणि होळीला परत जातात, त्या चार महिन्यांत त्यांची लेकरं कुणाच्याच वहीत नसायची. राज्याने २०२१ च्या अखेरीस स्थलांतरितांसाठी वेगळी नोंद सुरू केली ती याचसाठी.

माझी तक्रार दुसरी आहे. आकडा गावातून निघतो, तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली असा वर जातो आणि तिथेच राहतो. आमच्या सेविकाताई रोज माहिती भरतात, आणि ग्रामसभेत विचारलं तर त्यांना वहीच उघडावी लागते. शेजारी बसलेल्या सिस्टरांचं पोर्टल वेगळं, त्यातली नावं हिला दिसत नाहीत. दोघी एकाच गल्लीत त्याच लेकराच्या घरी जातात. दिल्लीला दोन्ही आकडे माहीत आहेत, गल्लीला एकही नाही. मग आहाराचं कंत्राट कुणाला, पाकीट कसलं, हे सगळं वरच ठरतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरपोच आहाराच्या निविदा रद्द केल्या, कारण अटीच अशा होत्या की गावचे बचत गट त्यात बसूच शकत नव्हते. गावाजवळ स्वतःचा आकडाच नसेल तर गाव काय मागणार? शिलाई मशीनच मागणार.

एक काळजी मात्र घ्यायला हवी, आणि ती मी आईकडून शिकलो. एकदा कुण्या साहेबाने गावच्या बैठकीत कुपोषित लेकरांची यादी नावासकट वाचून दाखवली. त्यातल्या एका लेकराची आई दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत आली नाही. लेकरू घरातच राहिलं. आईने तिच्या घरी किती चकरा मारल्या ते मला माहीत आहे. तेव्हा फलकावर आकडा लिहा, नाव लिहू नका. नाव सेविका, सिस्टर, आशा आणि लेकराची आई, एवढ्यांतच राहू द्या.

आता कामाचं. ग्रामसेवक, सिस्टर, आशाताई आणि सेविकाताई चौघांशीही बोललो. चौघेही तयार आहेत, आणि खरं सांगायचं तर चौघांनाही बरं वाटलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता अंगणवाडीत बसायचं आहे. तिन्ही रजिस्टरं समोरासमोर ठेवून घरागणिक मोजणी करायची, कोणतं लेकरू कुठल्या वहीत नाही ते शोधायचं, आणि माहेरी आलेल्या, भट्टीवरून परतलेल्या घरांची नोंद लावायची. उंचीपट्टी आणि काटा दोन्ही तिथे आहेत. सहा वर्षांखालचं लेकरू असलेल्यांनी लसीकरणाचं कार्ड घेऊन या. ज्यांना लिहिता-वाचता येतं अशी कॉलेजची चार-पाच पोरं लागतील, त्यांनी मला इनबॉक्स करा.

आईही येणार आहे. तिचं जुनं रजिस्टर आणते म्हणाली. कशाला, ते तिने सांगितलं नाही.